मागची रांग

मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि कोणीतरी येऊन मला पुढे बोलवावं याची वाट पाहत होतो. हे लिहायला लाज वाटते, पण पुढचं सगळं इथूनच सुरू झालं, तेव्हा लपवून उपयोग नाही.

चंद्रपुरातल्या एका मंडळीचा वार्षिक मेळावा होता. मैदानात मांडव, पंखे, पुढच्या दोन रांगांना पांढरी खोळ घातलेल्या खुर्च्या आणि व्यासपीठामागे कापडी फलक: ‘नम्रतेतून अक्षय आनंद’. संयोजकांपैकी निम्मे माझे विद्यार्थी. तीस वर्षं शिकवलं आहे, तेव्हा पुढची एखादी खोळवाली खुर्ची आपली असणार, हे मी मनात धरूनच घरून निघालो होतो. म्हणूनच मुद्दाम मागे गेलो. लूकच्या शुभवर्तमानात येशूने मेजवानीला जाणाऱ्या पाहुण्यांना सल्ला दिला आहे की मानाच्या जागी बसू नका, शेवटच्या जागी बसा, म्हणजे यजमान स्वतः येऊन तुम्हाला वर नेईल. ही गोष्ट मला लहानपणापासून खटकत आली आहे. हा नम्रतेचा धडा की नम्रतेची युक्ती? त्या दिवशी मी युक्ती करून पाहिली. यजमान काही आला नाही. एक स्वयंसेवक लगबगीने माझ्याकडे आला, मी अर्धवट उठलोही, तर तो माझ्या शेजारची रिकामी खुर्ची उचलून पुढे घेऊन गेला.

पलीकडच्या खुर्चीवर एक गृहस्थ होते. बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीत उमेद घालवून निवृत्त झालेले. मंडळीशी त्यांचा संबंध सुनेमुळे. ते स्वतः दरवर्षी १६ ऑक्टोबरला न चुकता इथल्या दीक्षाभूमीवर जाणारे. आज नातवाचं गाणं होतं म्हणून आलेले.

“गुरुजी, तुमी पुढं नाही गेले?”

“इथंच बरं आहे,” मी म्हणालो आणि हसलो. ते हसू कसं होतं हे मला आतून ठाऊक आहे.

“तुमी मांगं येऊन बसले,” ते म्हणाले. “आमी त मांगंच आहो.”

टोमणा नव्हता. बसमध्ये कोणी ‘तुम्ही कुठं उतरणार, मी तर इथलाच’ म्हणावं, तसा साधा सूर होता. पण तेवढ्यात वक्ते बोलायला उठले, आणि त्यांचं एकही वाक्य मला नीट ऐकू येईना. प्रत्येक वाक्यापुढे हे वाक्य येऊन उभं राहायचं. वक्ते बाहेरगावाहून आले होते, तयारी करून आले होते. स्वतःला लहान करा म्हणजे आनंद मोठा होईल, असा त्यांचा हिशेब होता. औषध कसं लागू पडतं हे सांगावं, तसं ते सांगत होते. मी ख्रिस्ती घरात वाढलो, हे सगळं आजीच्या मांडीवर ऐकलेलं आहे, आणि त्या दिवसापर्यंत माझंही मत जवळपास हेच होतं.

अहंकार वाईट, साखरेचा रवा मुंगीला, पुरात झाडं जातात आणि लव्हाळी राहतात, हे मराठी वाचकाला शाळेपासून पाठ आहे. माझी अडचण तिथे नाहीच. ती शब्दांपाशी आहे. मराठीत या एका गुणाला निदान चार शब्द आहेत आणि ते एका घरात नांदत नाहीत. दीन, नम्र, विनयी, लीन.

दीन माणूस स्वतः दीन होत नाही. त्याला कोणीतरी दीन केलेलं असतं. परिस्थितीने, सावकाराने, जातीने. दीनवाणा, दीनदुबळा या जोडशब्दांतच त्याची कैफियत आहे. नम्र म्हणजे वाकलेला. नम् धातूचा अर्थच वाकणं. वाकायला समोर कोणीतरी लागतं, आणि पाहायलाही कोणी असेल तर बरं. म्हणून लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या फ्लेक्सपर्यंत सगळीकडे ‘विनीत’ आणि ‘विनम्र’ लोक हात जोडून उभे असतात. आमच्या जटपुरा गेटाच्या आसपास तर नम्रतेचा इतका सुकाळ असतो की दुकानांच्या पाट्या दिसत नाहीत. विनय हा मुळात शिस्तीचा शब्द. आणि लीन? ली धातूचे अर्थ पाहा: चिकटणं, विरघळणं, दडून बसणं. पानांआड बसलेला पक्षी संस्कृतात ‘निलीन’ असतो. लीन व्हायला समोर कोणी लागत नाही, पाहणारा तर नकोच. खरं सांगायचं तर लीन झालेल्यालाही ते कळत नाही. ‘मी झोपलोय’ असं जागा माणूसच म्हणू शकतो, तसंच हे.

गंमत अशी की मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांनी यातले दोन शब्द दोन वेगळ्या जागी ठेवले आहेत. डोंगरावरच्या प्रवचनाच्या पहिल्याच धन्यवचनात ‘दीन’ आहे, त्याला ‘आत्म्याने’ हा शब्द जोडून. आणि येशू स्वतःच्या मनाविषयी बोलतो तिथे शब्द आहे ‘लीन’. व्यासपीठावरून मात्र दोन्हींची एकच भाजी होते. दीनांना सांगितलं जातं की लीन व्हा, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं की दीन राहा.

माझ्या शेजाऱ्याला नेमकं तेच ऐकू येत असणार. आणि इथे ज्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत व्हायला नको, त्यांच्याशीच घालावा लागतो. लहानपणाच्या या नीतीवर युरोपात नीत्शेने काय आग पाखडली ते वाचणाऱ्यांनी वाचावं. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, माणसाला तेवढ्या लांब जायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे, चांद्यात, लोकांना धम्मदीक्षा दिली. त्यानंतर दोन महिनेही ते जगले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ साली, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध झालं. त्यात ते डोंगरावरच्या प्रवचनाचं नाव न घेता त्याच्याच समोर उभे राहतात: बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटलं नाही, गरिबांना ‘समाधानी राहा, पृथ्वी तुमचीच होणार आहे’ असंही सांगितलं नाही, संपत्ती मिळवा, मात्र विनयाच्या चौकटीत मिळवा, एवढंच त्याचं म्हणणं. हा विनय म्हणजे नियम, स्वतःला घालून घेतलेली मर्यादा. मान खाली घालून ‘जी’ म्हणणारा शाळकरी विनय नव्हे. एकाच शब्दाचा त्यांनी कणा सरळ केला.

इथे मला बाबासाहेबांशी थोडं भांडायचं आहे. थोडंच, कारण मी हरणार हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं असं की लूकने गरिबांना धन्य म्हणून गोष्ट संपवलेली नाही. पुढच्याच ओळींत श्रीमंतांवर, आज पोट भरलेल्यांवर हाय हाय आहे. त्याच्याही आधी, पहिल्याच अध्यायात, नासरेथची एक खेड्यातली मुलगी, मरिया, गाणं गाते आणि त्या गाण्यात अधिपती सिंहासनावरून खाली ओढले जातात, धनवान रिकाम्या हाती परत जातात. ही काही झोपेची गोळी नाही. धन्यवचन हा उपदेश नाही, ती घोषणा आहे. ‘असेच राहा’ असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

म्हटलेलं नाही, हे खरं. पण वाचलं कोणी आणि ऐकवलं कोणाला? १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. त्यानंतर इथे आलेला प्रत्येक पाद्री, तो कितीही सज्जन असो, लीनतेवर बोलायला उभा राहिला की त्याच्या पाठीमागे डेप्युटी कमिशनरचा बंगला दिसायचा. पुस्तकात क्रांती असली तरी फलकावर नम्रताच येते, आणि बाबासाहेबांचं भांडण फलकाशी आहे. मी पुस्तक उघडून दाखवत राहतो, ते फलकाकडे बोट दाखवतात. हरलो म्हणतो ते यासाठी.

तर दुसऱ्या टोकाने पाहू म्हटलं. ज्याला कोणी दीन केलं नाही, जो वरून खाली, स्वतःच्या पायांनी उतरला, त्याला तरी हा अक्षय आनंद मिळाला का? असा एक माणूस चांद्याला येऊन गेला आहे, आणि गावात त्याचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही.

नीळकंठशास्त्री गोरे. चित्पावन, जन्म १८२५ चा, झाशीजवळचा, वाढले काशीत. तिथल्या विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याचं खंडन करायला हा तरुण पंडित गेला आणि वाद घालता घालता स्वतःच्याच युक्तिवादात अडकत पलीकडे पोहोचला. (वाद घालायला जाताना परतीचं तिकीट काढू नये.) मार्च १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा, नवं नाव नेहेम्या. ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ १८६० चा. सहाही दर्शनं आतून ठाऊक असलेल्या माणसाने केलेली ती चिरफाड आहे, आणि पटो न पटो, आळशी माणसाचं ते काम नाही. पुढे पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यामागे त्यांच्या लिखाणाचा मोठा हात होता. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने चांद्यात मिशन सुरू केलं तेव्हा पहिल्या दिवसांत इथे राहिलेला पुरोहित म्हणजे हे गोरे. परकोटाच्या आतलं ते गोंडराजांचं गाव, उन्हाळा तेव्हाही हाच, आणि काशीचा पंडित इथे गल्लीत उभा राहून बोलतोय, हे चित्र मला नेहमी खिळवून ठेवतं.

गोऱ्यांच्या नम्रतेबद्दल त्यांना ओळखणाऱ्या कोणाला शंका नव्हती. जात सोडली, काशीतलं पंडिताचं स्थान सोडलं. १८७६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली फादर्सच्या संन्यासी संघात उमेदवार म्हणून गेले, पण शेवटची व्रतं त्यांनी कधी घेतली नाहीत. जन्मभर उमेदवारच. आणि आनंद? त्याचा पत्ता नाही. बाप्तिस्म्यानंतरही शंका त्यांना सोडीत नव्हत्या. आपण पुरेसा विश्वास ठेवतो का, आपलं मन पुरेसं शुद्ध आहे का, हा काटा आयुष्यभर. १८५४ मध्ये महाराजा दलीपसिंगांबरोबर ते विलायतेला गेले होते. तिथे ऑक्सफर्डला मॅक्स म्युलरना भेटले. म्युलरने पुढे लिहून ठेवलं आहे की हा माणूस खिन्न होऊन बसला होता. शुभवर्तमानात वाचलेला ख्रिस्ती धर्म त्याला लंडनच्या रस्त्यांवर कुठे दिसेना.

इथे एक आडवळण घेतो. ज्या काशीत गोरे वाढले तिचं जुनं नाव आनंदवन. रामदासांनी ‘आनंदवनभुवनी’ लिहिलं ते हेच नाव मनात धरून. त्या आनंदवनातून निघालेला माणूस आनंद शोधत चांदा जिल्ह्यात आला, खिन्नच राहिला, १८९५ मध्ये मुंबईत वारला. आणि पुढे साठ वर्षंही व्हायच्या आत त्याच जिल्ह्यात, वरोड्याजवळच्या माळरानावर, दुसरं आनंदवन उभं राहिलं. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मला तो सुटत नाही.

गोऱ्यांना एक मुलगी होती. एलन लक्ष्मी, जन्म १८५३, काशीचाच. आई ती तान्ही असतानाच गेली, आणि ती इंग्रज घरांत वाढली, विलायतेत शिकली, पुढे परत येऊन अलाहाबादेकडे सेविका म्हणून राहिली. तिने लिहिलेलं एक इंग्रजी स्तोत्र जगभर गायलं गेलं. विषय काय? देवाच्या सान्निध्यात दडून बसण्याचा आनंद. दडून बसण्याचा! मघाचा पानांआडचा निलीन पक्षी आठवतो ना? बाप जन्मभर वाकत राहिला, स्वतःचं वाकणं किती अंशांचं आहे ते मोजत राहिला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नम्रतेच्या बारा पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. गोरे अशा कुठल्याशा पायरीवर उभे राहून, ही पायरी खरंच आली की नाही, हे तपासत राहिले असं मला वाटतं. मुलीला पायऱ्यांची आठवणच नाही. ती पानांआड गेली. एकाच घरात नम्र आणि लीन.

मोजणारा माणूस स्वतःला विसरू शकत नाही, मग तो मोठेपणा मोजत असो की लहानपणा. मागच्या रांगेत बसून पुढच्या खोळवाल्या खुर्च्या मोजणारा मीही गोऱ्यांच्याच जातीचा. फक्त त्यांची तळमळ माझ्याजवळ नाही.

या मोजदादीवर उतारा म्हणून मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, तिथून त्यांचा रस्ता फिरला. १८९५ ला बाप्तिस्मा. ते सगळं थोर आहे. पण १९३४ पासून भागाभागाने आलेली ‘स्मृतिचित्रे’ उघडा. तिथे आनंद आहे तो बाईंच्या हसण्यात, आणि त्या सगळ्यात जास्त हसतात त्या स्वतःला. आपल्या सोवळ्याला, आपल्या भीतीला, आपल्या अडाणीपणाला. त्या पुस्तकात नम्रतेवर उपदेश फार सापडणार नाही. स्वतःवर हसता येणं ही चैन मात्र दीनाला परवडत नाही, कारण त्याच्यावर हसायला जग आधीच बसलेलं असतं. हे लिहितानाही शेजारचे गृहस्थ डोळ्यांपुढे आहेत.

आता वरोडा. मुरलीधर देवीदास आमटे, जहागीरदाराचा मुलगा, वकील, शिकारीचा आणि सिनेमाचा शौकीन. वरोडा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी मैल्याच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या. नम्रतेचा धडा म्हणून ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एका पावसाच्या रात्री रस्त्याकडेला पडलेला कुष्ठरोगी, तुळशीराम, दिसला आणि आमटे घाबरून पळाले. ज्या माणसाला गांधींनी ‘अभय साधक’ म्हटलं होतं, तो पळाला. मग परत फिरले. त्यांना परत फिरवलं ते नम्रतेने, असं म्हणवत नाही. आपण भ्यालो, हे त्या ताठ माणसाला सोसवलं नाही. म्हणजे परतीचं पहिलं पाऊल सरळ सरळ स्वाभिमानाचं होतं! १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती, १९५१ मध्ये आनंदवन. पुढे त्या माळावर खडक फोडता फोडता तो स्वाभिमान कुठे विरघळला, हे आमट्यांनाही सांगता आलं नसतं. आणि नाव पाहा. सेवावन नाही, करुणाश्रम नाही. बोटं झडलेल्या माणसांच्या वसाहतीला आनंदाचं नाव, तेही पहिल्याच दिवसापासून. आनंद मिळाल्यावर ठेवलेलं नव्हे.

इथवर आल्यावर मला फलकावरचं वाक्य उलटं लागलंय असं वाटू लागलं. ही शंका मेळाव्यातच आली असं मी म्हणणार नाही. नंतर काही दिवसांनी, गडचिरोलीकडे जाताना आली.

चैत्राची सुरुवात होती. धानोऱ्याकडच्या रस्त्यावर पहाटे मोह वेचणं चाललं होतं. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे आपोआप गळतं. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा स्वच्छ केलेली असते, आणि उजाडायच्या आत बाया, पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली. उशीर केला तर गुरं खातात, आणि फार लवकर गेलं तर अस्वल आधीच तिथे असतं. प्रत्येक फुलासाठी वाकावं लागतं. एका पहाटेत किती वेळा, मोजणं अशक्य. कंबर दुखते, तरी गप्पा चालू, मधूनच कोणीतरी मोठ्याने हसतं. या वाकण्याला कोणी नम्रता म्हणेल का? त्याच रस्त्यावर, त्याच बायांच्या आज्या जंगलखात्याच्या नाकेदारापुढे वाकायच्या, तेही वाकणंच. पण ते कोणाच्या तरी पुढे होतं, हे कशाच्या तरी साठी आहे. समोर वाकलेल्याला सतत ठाऊक असतं की आपण वाकलोय. फुलासाठी वाकलेल्याला फूल ठाऊक असतं.

गाडीत बसल्या बसल्या मत्तयच्या तेराव्या अध्यायातला एका वाक्याचा दाखला आठवला. शेतात लपवलेली ठेव एका माणसाला सापडते. तो ती पुन्हा झाकतो आणि आनंदाच्या भरात जाऊन आपलं होतं नव्हतं ते विकतो आणि ते शेत विकत घेतो. हा दाखला मी शेकडो वेळा ऐकला असेन, आणि दर वेळी त्यागावर. सगळं विका, म्हणजे ठेव मिळेल. पण क्रम तसा नाहीच! आधी ठेव सापडली, मग आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरात विकणं झालं. विकताना त्या माणसाला आपण त्याग करतोय असं वाटलंच नसेल. उलट गिऱ्हाईक कधी येतं याची घाई असेल. मरियेच्या गाण्यातही हाच क्रम. तिचा जीव आधी उल्लासतो. आपल्या दैन्याचा उल्लेख ती मागाहून, त्या उल्लासाच्या ओघात करते. नम्रतेतून आनंद नव्हे. आनंदातून लीनता, आणि तीही न कळत, वाटेत सांडलेली.

हे मी ठरवून गाठलेलं मत नाही. मेळाव्याला जाताना मी फलकाच्या बाजूचा होतो. बाबासाहेबांशी भांडून फलकाला वाचवावं असा माझा बेत होता. आता दिसतंय की त्यांनी फलक उतरवला ते बरंच केलं. तो तसाही उलटा लागला होता.

त्या दाखल्यातली आणखी एक गोष्ट इतकी वर्षं माझ्या नजरेतून सुटली होती. तो माणूस दुसऱ्याच्या शेतात खणत होता. स्वतःचं असतं तर विकत घ्यावं कशाला लागलं असतं? म्हणजे बहुधा मजूर. दीन म्हणावा असाच. ठेव सापडल्यावर त्याने मालकापुढे हात जोडले नाहीत; शेत रीतसर विकत घेतलं. हे मला मेंढा-लेखाच्या जवळून जाताना सुचलं यात नवल नाही. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर, २००९ मध्ये, सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे अठराशे हेक्टर जंगल. बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला आणखी दोन वर्षं झगडावं लागलं. ज्या मोहाखाली आज्या चोरासारख्या वाकायच्या, त्या मोहाखाली वाकणं आता हक्काचं आहे. आणि त्याच गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या संमतीने होतो. एकाचंही मन वळलं नसेल तर बाकीचे थांबतात. ताठ कण्याच्या लोकांनाच असं थांबता येतं. वाकवलेल्या माणसाला थांबायची मुभाच नसते, तो नुसता थांबवलेला असतो.

मग ज्याला अजून ठेव सापडलेली नाही, शेतही दुसऱ्याचं आहे, त्याला काय सांगायचं? नम्र हो, हे तर नक्कीच नाही. पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते कैदेतून, आणि त्या चार अध्यायांत आनंदाचा शब्द इतक्या वेळा येतो की तुरुंगाधिकाऱ्याला संशय यावा. त्याच पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचं ते प्रसिद्ध स्तवन आहे. पण तिथेही रिक्त होणारा आधी भरलेला आहे, हे विसरायचं नाही. रिकामं भांडं ओतता येत नाही. पौल स्वतः रोमी नागरिक होता, हे तो गरज पडली तेव्हा अधिकाऱ्यांना ठणकावून सांगायचा. माझे शेजारी १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जातात ते हे नागरिकत्व आठवायलाच जात असावेत. तिथून भरून आलेला माणूस मग कुठेही बसो.

आणि आता एक गोष्ट, जी मी सुरुवातीला सांगायला हवी होती. पण तेव्हा तिच्यात काही आहे हे मला दिसलं नव्हतं. वक्त्यांचं भाषण संपलं, मुलांची गाणी सुरू झाली. नातवाचं नाव पुकारलं गेलं मात्र, शेजारचे गृहस्थ उठले आणि मधल्या वाटेने सरळ पुढे गेले. कोणी बोलावलं नव्हतं. खोळवाल्या दोन्ही रांगा ओलांडून ते व्यासपीठाच्या अगदी पायाशी पोहोचले, आणि मागच्यांना दिसावं म्हणून तिथे खाली सतरंजीवर बसले. मग बसल्या बसल्या आणखी वाकले, जवळजवळ आडवेच झाले, कारण कोणीतरी मोबाइलवर गाणं टिपत होतं आणि यांचं डोकं मध्ये येत होतं. मुलगा दुसऱ्या कडव्यात चुकला, थांबला, आजोबांकडे बघून हसला आणि पहिल्यापासून सुरू केलं. मी माझ्या जागेवरून मान लांब करून पाहत होतो. एव्हाना माझ्या रांगेत मी एकटाच उरलो होतो.